पिशवी काढली, साखर तपासली का?

सातारा-सांगलीत कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दर हंगामाला दुष्काळी बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जात. त्यामुळे पाळीचा त्रास नको म्हणून अनेकींची गर्भपिशवीच काढली गेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीसमोर आकडा आला: बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

याचा मधुमेहाशी काय संबंध? पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर पाळी जाण्याचे वय त्याच दिवशी येते. नुसती पिशवी काढली तरी ते काही वर्षे अलीकडे येऊ शकते. इस्ट्रोजेन घटले की चरबी पोटावर साठू लागते, इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि साखर वाढण्याचा धोका वाढतो.

तुम्ही ऊस तोडत नसाल, पण पिशवी काढली असेल किंवा पंचेचाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. बीजांडकोश ठेवलेत का, हे विचारा. उपाशीपोटीची साखर दरवर्षी तपासा.