खुर्ची कुणाची?

आजीचा खुबा मोडला आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात चाकाची खुर्ची आली. चारही चाकं बारकी. म्हणजे मागून ढकलणारा हवाच. मी ऑफिसला गेलो की खुर्ची आणि आजी, दोघीही जागच्या जागी.

तशीच खुर्ची 1595 साली स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाकडे होती. पाठ कलायची, पाय ठेवायला फळी होती, पायांना बारकी चाकं होती. ढकलायला नोकर होते, त्यामुळे राजाचं काही अडलं नाही. न्यूरेंबर्गजवळच्या श्टेफान फार्फलर या घड्याळजीकडे नोकर कुठले? त्याला चालता येत नव्हतं. त्यानं 1655 मध्ये दातेरी चाकं जोडून, हातानं दांडा फिरवून चालवायची तीनचाकी खुर्ची बनवली. ढकलणाऱ्याची खुर्ची बसणाऱ्याची झाली ती अशी.

पुढे 1933 साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्टनं मित्र हॅरी जेनिंग्जबरोबर पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची केली. दोघंही इंजिनिअर. एव्हरेस्टचा कणा खाणीतल्या अपघातात जायबंदी झाला होता आणि जुनी अवजड खुर्ची मोटारीत मावत नव्हती. दवाखान्यात दिसणारी, फुलीसारख्या नळ्यांवर मिटणारी खुर्ची त्याच घराण्यातली.

आमच्या कोल्हापुरातही हेच घडलंय. नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन सोळाव्या वर्षाच्या सुमारास लुळं पडलं. 1984 मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. संस्थेच्या वर्कशॉपमध्ये अपंग कारागीरच चाकाच्या खुर्च्या बनवू लागले. त्यांच्या आत्मकथनाचं नावही ‘चाकाची खुर्ची’च आहे. (इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे नाव आमच्या कानावरसुद्धा आलं नाही. टर्बाइन मात्र पाठ होतं.)

मी मोठ्या चाकांची खुर्ची आणली. ती न्हाणीच्या दारात अडकली. दार 24 इंच, खुर्ची 25. मी मोबाइलवर बेलचं ॲप करून दिलं. आजीनं ते एकदाही दाबलं नाही. चौकट फोडायचा बेत ऐकून म्हणाली, “आरं, खुर्ची कशाला आत घालतोस? धरायला काय तरी लाव की.”

उद्यमनगरातून स्टीलचा पाइप वाकवून आणला. कुठं बसवायचा ते मी नेटवर बघून खडूनं भिंतीवर आखलं होतं. आजीनं वॉकर धरून उभं राहत ती रेघ पुसली आणि चार बोटं खाली दुसरी ओढली.