आधी ऐक, मग उघड

१९८५ सालचा मे महिना. मामूंच्या जुन्या फियाटमधून आम्ही सातजण कुर्ल्याहून साताऱ्याला लग्नासाठी निघालो होतो. खोपोली मागे टाकून बोरघाट चढू लागलो आणि उष्णतेचा काटा लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटखालून वाफ येऊ लागली. त्या काळी घाटात हे दृश्य नवं नव्हतं. वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, रॉकेलच्या रिकाम्या डब्यातून पाणी आणणारी पोरं, आणि सावलीला बसून गाडी थंड होण्याची वाट पाहणारी वऱ्हाडं! आम्हीही थांबलो, पाणी भरलं आणि लग्नघरी पोचलो.

परत आल्यावर गाडी एका गॅरेजात गेली. तिथल्या कारागिराने दोन मिनिटांत निदान केलं, "हेड गॅस्केट उडालं." इंजिन उघडलं गेलं, नवं गॅस्केट बसलं. मामूंनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. आणि महिन्याभरात गाडी पुन्हा उकळली.

हे गॅस्केट आलं कुठून, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. सुरुवातीच्या अनेक मोटारींत सिलिंडर आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, एकाच तुकड्यात ओतलेलं असे. जोडच नाही म्हटल्यावर गळणार कुठून? पण आत साचलेली काजळी काढायची किंवा व्हॉल्व्ह घासायचा, तर मोठी यातायात. १९०८ साली हेन्री फोर्डची 'मॉडेल टी' आली. तिच्या चारही सिलिंडरांचा एकच ब्लॉक होता आणि त्यावरचं हेड नट-बोल्ट काढून उचलता येत होतं. ही कल्पना त्याआधी कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. पण १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर विकल्या गेलेल्या या गाडीने ती जगभर नेली. खेड्यातला लोहारसुद्धा आता इंजिन उघडू शकत होता.

पण जिथे उघडता येतं तिथे जोड आला, आणि जोड आला की तो बंद ठेवणारं काहीतरी हवं. तेच गॅस्केट. जाडीला पुठ्ठ्याएवढं, पण त्याच्यावरची जबाबदारी पाहा. एका बाजूला पेटता वायू, ज्याचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. शेजारच्या भोकातून वाहणारं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी. तिसऱ्या वाटेने जाणारं तेल. या तिघांनी एकमेकांत मिसळायचं नाही, एवढंच त्याचं काम.

फियाटच्या बाबतीत आणखी एक गोम होती. प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोजच्या तापण्या-निवण्यात ही ओढाताण गॅस्केट सोसत राहतं. इंजिन उकळलं, की मात्र हेड वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते.

मामू शेवटी गाडी घेऊन आमच्या गल्लीतल्या उस्तादांकडे गेले. उस्ताद शाळेत फारसे गेले नव्हते, पण इंजिनाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "पहले सुन, फिर खोल." मी सुट्टीत तिथेच बसलेला असे. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, काठोकाठ पाणी भरलं, फॅन बेल्ट उतरवला आणि इंजिन सुरू केलं. बेल्ट नाही, म्हणजे पाण्याचा पंप फिरत नाही, पाणी स्थिर. तरीही त्यात बुडबुडे येऊ लागले, आणि अॅक्सिलरेटर दिला की ते वाढत. जळलेला वायू पाण्यात शिरत होता. लगेच इंजिन बंद करून त्यांनी प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा दाब पडलेला, पहिला-चौथा ठीक. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवतात, तेव्हा त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली असण्याची शक्यता मोठी.

मी विचारलं, "चाचा, मग पहिल्या गॅरेजवाल्याने बरोबरच सांगितलं होतं की!" ते म्हणाले, "त्याने काय गेलं ते सांगितलं. का गेलं ते विचारलंच नाही."

उस्तादांचा संशय दोन्ही बाजूंनी चालायचा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो म्हणून घाबरलेल्या माणसाला ते आधी विचारत, "किती वेळ?" थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटं दिसणारी वाफ निरुपद्रवी असते, इंजिन तापल्यावरही ती थांबत नसेल आणि पाणी कमी होत असेल, तर काळजी. तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तरी छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही जमते. पण तेल मोजायच्या पट्टीवरच चहासारखं दुधाळ तेल आलं, तर गाडी हलवायचीसुद्धा नाही. पुढे रेडिएटरवर धरायचं निळं द्रावण आलं. जळलेला वायू लागला की ते पिवळं पडतं. पण तत्त्व तेच : उघडण्याआधी पुरावा.

मग त्यांनी हेड उतरवलं. नट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत. उलट्या हेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि मला म्हणाले, "पलीकडून बघ." पट्टीखालून उजेड दिसत होता. हेड वाकलं होतं, आणि त्याच वाकड्या हेडखाली आधीच्या गॅरेजने नवं गॅस्केट दाबलं होतं. शिवाय रेडिएटर बोअरच्या पाण्याच्या क्षाराने निम्मा चोंदलेला. हेड फेसिंगला गेलं, रेडिएटरचं रॉडिंग झालं. नवं गॅस्केट बसल्यावर नट आवळले ते मध्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने मोजून. पाचशे किलोमीटर चालवून मामूंना पुन्हा बोलावलं, कारण ती जुनी गॅस्केटं दबून बसत आणि नट परत आवळावे लागत. ती गाडी त्यानंतर नऊ वर्षं चालली.

या आठवणीत एक गोष्ट मात्र मला आजही बोचते. त्या काळची गॅस्केटं तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यात धरलेल्या ॲस्बेस्टॉसची असत. उष्णतेला न जुमानणारा तो तंतू इंजिनाला वरदान होता, माणसाला नव्हता. ब्रिटनमध्ये १९३० सालीच कारखान्यांतल्या कामगारांच्या फुफ्फुसांबद्दलचा सरकारी अहवाल आला होता. १९७७ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्बेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो, असं नोंदवलं. १९९५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा मूलभूत हक्क ठरवला. २००५ पासून युरोपीय संघात त्याच्या वापरावर बंदी आली.

यातलं काहीच आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नाही. ब्लॉकला चिकटलेलं जुनं गॅस्केट उस्ताद कोरडंच खरवडत आणि भुकटी तोंडाने फुंकून उडवत. शेजारी मीही असे. ती ओली करावी, फुंकू नये, नाकावर काही बांधावं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे त्यांना खोकला लागला तेव्हा दोष बिडीला दिला गेला. गाडीचा रोग शोधताना 'का' हा प्रश्न न सोडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या आजाराबद्दल तो प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

आता बहुतेक नव्या इंजिनांत पातळ पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांची गॅस्केटं असतात. ॲस्बेस्टॉस गेलं, पुन्हा आवळणंही गेलं. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून निवृत्त झाली. तरी जोड आहे तिथे तो कधीतरी सुटणारच. तुमच्या गाडीच्या बाबतीत कुणी म्हणालं, "हेड गॅस्केट उडालं," तर दोनच गोष्टी विचारा : कशावरून, आणि कशामुळे? दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत नवं गॅस्केट बसवू देऊ नका. आणि गाडी जुनी असेल, तर खरवडणाऱ्या पोराला आधी फडकं भिजवून द्या.