काळें पाणी आणि घरची तिथि

मंगळवार पेठेंतल्या काय किंवा कोल्हापुरांतल्या दुसऱ्या पेठेंतल्या काय, जुन्या घराण्याच्या वंशावळींत एखाद्या नांवापुढें मृत्यूचें साल रिकामें राहिलें, तर त्याचें एक कारण १८५७ सालांत असूं शकतें.

त्या वर्षीं ३१ जुलैच्या रात्रीं कोल्हापुरांत सत्ताविसावी पलटण उठली. ६ डिसेंबरला बंडवाल्यांनीं शहराचे दरवाजे लावून घेतले. ते फोडून ले ग्रँड जेकबनें शहर घेतलें. कित्येकांना तोफेच्या तोंडीं दिलें, कांहींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. छत्रपति बाबासाहेबांचे धाकटे बंधु चिमासाहेब यांना कराचीस नेऊन ठेवलें. १८६९ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला. राजकुळांतल्या पुरुषाचें साल इतिहासानें लिहून ठेवलें. साध्या शिपायाचें कोणीं लिहावें?

तें लिहिलें सरकारनेंच. कैदी पळाल्यास ओळखतां यावा म्हणून त्याच्याबरोबर वर्णनाची यादी जाई: नांव, बापाचें नांव, जात, वय, उंची, अंगावरचे व्रण. १० मार्च १८५८ रोजीं सेमिरामिस जहाजानें दोनशें बंदिवान अंदमानांत आणले, तेव्हां त्यांचा मुख्य अधिकारी जेम्स वॉकर स्वतः डॉक्टरच होता.

इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या कैदी-जहाजांवर १८१५ च्या सुमारापासून सरकारी डॉक्टर असे. रोगी, रोग, उपचार आणि मृत्यु यांची रोजनिशी त्यानें ठेवावी, असा नियम होता. त्यांतल्या शेंकडों वह्या लंडनच्या दफ्तरांत आहेत, आणि तिकडचे वंशज त्यांतूनच आपला पूर्वज शोधतात.

इकडचा शोध इतका सोपा नाहीं. यादींत आडनांव बहुधा नसे. मराठी नांव इंग्रज कारकुनाच्या कानाला जसें लागलें तसें उतरे. म्हणून बापाचें नांव, जात आणि वय हीं तिन्हीं जुळल्यावांचून नातें जोडूं नये. आधीं कोल्हापूरचें दफ्तर, मग मुंबईचें, शेवटीं अंदमानच्या याद्या, हा क्रम बरा.

एवढा खटाटोप कशासाठीं? ज्याची मृत्युतिथि ठाऊक नाहीं, त्याचें श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, साऱ्या पितरांबरोबर होतें. जहाजावरच्या किंवा रुग्णालयाच्या कागदांत एक तारीख सांपडली, कीं जुनें पंचांग उघडून तिथि काढतां येते. व्रण मोजणाऱ्या कारकुनाच्या मनांत हें खचित नव्हतें. परंतु घरांतून हरवलेल्या माणसाचा स्वतःचा दिवस त्याच्याच वहींतून घराला परत मिळूं शकतो.