रक्तातला विळा

सिकल म्हणजे विळा. शेणव्याला भातकापणीत तो घरोघरी हाती असतो; एका आजारात तो रक्तात दिसतो. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या लाल पेशींची नोंद प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनचा, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले. १९५२ मध्ये हा सिकलसेल निलगिरीच्या आदिवासींत आढळला. ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवरही तो आहे. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकतात. थेंबभर रक्ताने द्रावण गढूळ झाले की संशय येतो. वाहक कोण, रुग्ण कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस सांगते. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून ठणकणाऱ्या पोराला आळशी म्हणण्याआधी, भगताकडे नेण्याआधी त्याचे रक्त तपासून घ्या.