पोलॉक, सर जॉर्ज
(४ जून १७८६–६ ऑक्टोबर १८७२). ब्रिटिश तोफखान्यातील सेनानी व फील्डमार्शल. जन्म लंडनचा, शिक्षण वुलिच येथे. १८०३ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाला. त्याची पहिली मोठी लढाई मराठ्यांशीच झाली : नोव्हेंबर १८०४ मध्ये डीगला यशवंतराव होळकरांच्या फौजेविरुद्ध. पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात जनरल लेकचे चारही हल्ले फसले. तेथेही तो होता. नंतर नेपाळ व ब्रह्मदेशातील युद्धांत त्याने भाग घेतला.

त्याची खरी कीर्ती १८४२ ची. काबूलहून माघार घेणारे इंग्रज सैन्य जानेवारीत नष्ट झाले होते. पोलॉकने पेशावरला खचलेल्या शिपायांना आधी सावरले. मग ५ एप्रिलला खिंडीत सरळ न घुसता दोन्ही बाजूंच्या टेकड्या काबीज करत त्याने खैबर पार केली व तो जलालाबादला पोहोचला. सप्टेंबरमध्ये त्याने काबूल घेतले. परतण्यापूर्वी मात्र त्याने तेथील प्रसिद्ध चार छत्ता बाजार उद्ध्वस्त केला. खैबरमधील संयमी सेनापतीला हे सूडाचे कृत्य शोभणारे नव्हते. त्याची झळ निरपराध व्यापाऱ्यांना बसली.

१८७० मध्ये तो फील्डमार्शल झाला. दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत.