शुक्रवार ते शनिवार, दीड हजार वर्षं मागे

इस्राएलमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या, तयारीनं बससेवा बहुतेक ठिकाणी बंद होते. म्हणून बेरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठात शिकणारी मुलं नेगेवचं वाळवंट बघायला निघाली की मिनीबस भाड्यानं घेतात. आज त्यात एक जागा तुमची आहे. खिडकीशी बसा. अट एकच: गाडी जसजशी पुढच्या गावाला लागेल, तसतसं साल मागे जाईल.

शुक्रवार सकाळ, १९७२

तुम्ही राहतमध्ये उतरता. बेदुईन अरबांसाठी सरकारनं वसवायला घेतलेलं हे गाव. अर्ध्या उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या घरांशेजारी अजून काळे तंबू आहेत. शेळीच्या केसांचं हे कापड घरातल्या बायकांनीच विणलेलं. तंबूत शिरलात की यजमान लाकडी खलात कॉफी कुटायला घेतो. त्या ठेक्यानं शेजारच्यांनाही कळतं, पाहुणे आलेत. वाटी इवलीशी, कॉफी कडू, वेलचीच्या वासाची. पुरे झाली की वाटी हलवून दाखवा, नाहीतर तो ओततच राहील.

तुमच्या गटातला कुणीतरी विचारतो, ‘तुम्ही भटके ना? मग हे घर कशाला?’ म्हातारा हसतो. १९४८ पूर्वी नेगेवमध्ये ६० हजारांहून अधिक बेदुईन होते. गहू-बार्ली पेरायचे, पावसामागे जनावरं न्यायचे. १९४८ च्या युद्धानंतर सुमारे ११ हजार उरले. बाकीचे जॉर्डन, गाझा, सिनाईकडे गेले. उरलेल्यांना एका बंदिस्त पट्ट्यात आणलं गेलं आणि १९६६ पर्यंत तिथून बाहेर पडायला लष्कराचा परवाना लागायचा. १९५० च्या एका कायद्यानं काळ्या शेळ्यांच्या चरण्यावर बंधनं घातली. शेळ्या घटल्या तसं तंबूचं कापडही घटलं. आता नळ, शाळा, वीज मिळणार आहे. पोरांना ते हवंच आहे. म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र साधा आहे: ‘मेंढ्या कुठे ठेवू?’

शुक्रवार संध्याकाळ, १९६४

दिमोना. नऊ वर्षांपूर्वी मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांना ट्रकमधून आणून इथे उतरवलं, तेव्हा चहूकडे नुसती माती होती. आता एकसारख्या चाळवजा इमारती आहेत, कापडगिरणी आहे. दूर क्षितिजाशी एक घुमट दिसतो. अमेरिकी अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तीही कापडगिरणीच असल्याचं त्यांना सांगण्यात आलं होतं. तिथे अणुभट्टी आहे.

जिन्यात तळलेल्या मासळीचा वास येतो आणि वरून हाक: ‘अगो, दिवे लावायची वेळ झाली, आटपा!’ तुम्ही जागच्या जागी थबकता. हे बेने इस्राएल, कोकणातून आलेले मराठी ज्यू. रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावानं ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं ते. आडनावं पेणकर, नवगावकर. घरात नऊवारीतली आजी तुम्हाला खाली बसवते. ‘बाळा, कुठचं गाव तुझं?’ तुम्ही गाव सांगता. ती चपात्या वाढता वाढता इथे नारळ मिळत नसल्याची तक्रार करते. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्शाला नारळाचंच दूध लागतं.

पण घरातलं वातावरण तापलेलं आहे. तिचा मुलगा नुकताच जेरुसलेमच्या धरण्यावरून परतलाय. दोन वर्षांपासून रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या मंडळानं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी सुरू केलीय. ‘तिकडे शनिवार पाळतो म्हणून लोक आम्हाला ज्यू म्हणायचे,’ आजी म्हणते, ‘इकडे सगळेच शनिवार पाळतात, तर कागद आमच्याकडेच मागतात.’ ऑगस्टमध्ये संसद ठराव करेल की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बींना आदेश बदलावा लागेल. बेरशेबात वसवलेल्या काही कुटुंबांनी तर १९५१ मध्येच तेल अवीवला धरणं धरून ‘आम्हाला मुंबईला परत पाठवा’ अशी मागणी केली होती. काही जण खरंच परतले, आणि त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा इथेच आले.

शनिवार सकाळ, १९५३

स्दे बोकेर. वर्षभरापूर्वी काही तरुणांनी वसवलेला किबुत्झ, म्हणजे सामूहिक शेतवस्ती. डिसेंबरचा बोचरा वारा आहे. मेंढ्यांच्या गोठ्यात ६७ वर्षांचा एक बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस काम करतोय. हे डेव्हिड बेन-गुरियन, नुकतेच पंतप्रधानपद सोडून इथे राहायला आलेले. त्यांची लाकडी झोपडी आज संग्रहालय आहे. झोपायच्या खोलीत महात्मा गांधींचं चित्र दिसेल.

त्यांना विचारलंत तर ते सांगतील, देशाचं भवितव्य या ओसाड भूमीत आहे. त्यांच्या बोलण्यात जिद्द आहे, आणि ती खोटी नाही. पण ‘ओसाड’ हा शब्द ऐकताना तुम्हाला राहतची कॉफी आठवते. या जमिनीवर आधी फिरणारी माणसं याच घडीला बंदिस्त पट्ट्यात परवान्याची वाट बघत बसली आहेत.

शनिवार दुपार, सन ५५०

अवदात. खाली दरी, वर टेकडीवर दगडी शहर. दोन चर्च आहेत, द्राक्षं तुडवायच्या दगडी कुंड्या आहेत, आणि इथली दारू गाझाच्या बंदरातून बाहेर जाते. वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आत. अलिबागला तेवढा एखाद्या दिवसात पडतो. मग द्राक्षं येतात कुठून?

डोंगरउताराकडे बघा. दगड वेचून ढीग केलेत, चर खणलेत, बांध घातलेत. शेताच्या वीस-तीस पट क्षेत्रावरचं पाणी वाहून एका शेतात मुरतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एवेनारी यांनी याच पद्धतीनं इथे शेत पुन्हा उभं केलं आणि नुसत्या पावसावर बदाम-पिस्ते पिकवून दाखवले.

हे शहर वसवणारे नबाती अरब. सुरुवातीला हा पेट्राहून गाझाकडे धूप नेणाऱ्या उंटांच्या काफिल्यांचा मुक्काम होता. सन १०६ मध्ये रोमनांनी त्यांचं राज्य घेतलं, तरी वस्ती टिकली. सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या भूकंपानंतर ती उठली. २००५ मध्ये युनेस्कोनं अवदात, हलुत्झा, मामशित आणि शिवता ही शहरं जागतिक वारशात घेतली.

शनिवार रात्र, आज

शब्बाथ संपला, बस पुन्हा सुरू झाल्या. राहत आता सत्तर हजारांवर वस्तीचं शहर आहे. दिमोनात भारतीय किराणा मिळतो, क्रिकेट खेळतात, मानलेला नवस फेडायला गोड पोह्यांचा मलिदा होतो. परतीच्या रस्त्यालगत मात्र पत्र्याच्या वस्त्या दिसतात. नकाशात त्यांना मान्यता नाही, म्हणून सरकारी वीज नाही, आणि घर कधीही पाडलं जाऊ शकतं. तिथेही बेदुईनच राहतात.

नेगेव ओसाड कधीच नव्हतं. दर खेपेला कुणी ना कुणी इथे पाणी अडवत होतं, शेळ्या चारत होतं किंवा शनिवार पाळत होतं; नंतर आलेल्यांना ते दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं. परदेशी शिकायला गेलात आणि गट वाळवंटाच्या सहलीला निघाला, तर उंटावर जरूर बसा, ताऱ्यांचे फोटोही काढा. फक्त प्रत्येक गावात दोन प्रश्न विचारा: इथे पाणी कुठून येतं, आणि तुमच्या आधी इथे कोण राहत होतं?