'करणे' या धातूची कुळकथा

संस्कृत 'कृ' धातूपासून प्राकृताच्या वाटेने आलेले 'करणे' हे क्रियापद मराठीच्या आद्य लेखनातच परिपक्व रूपात भेटते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे वाक्य त्याच्या प्रयोजक रूपावरच उभे असून, त्यातील तृतीयान्त कर्ता आजच्या 'चावुंडराजाने'चा पूर्वज होय. दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्याचा ऊहापोह आहे तो कर्मणी प्रयोग संस्कृत 'तेन कृतम्' या रचनेचाच वारसा आहे.

या धातूची फारसीशी गाठ कशी पडली ते एका मुलखाच्या उदाहरणाने पाहू. ज्या अंबाजोगाईत 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी दाखवितात, तो बीडचा मुलूख पुढे बहमनी, निजामशाही व मोगल अंमलातून आसफजाहीकडे गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिच्याकडेच राहिला. तेथील दफ्तराची भाषा प्रथम फारसी व नंतर उर्दू होती. फारसीत अरबी नामांना क्रियापदाचे बळ देणारा धातू 'कर्दन', आणि तो व आपला 'कृ' एकाच भारत-इराणी मुळाचे. तेव्हा 'अर्ज कर्दन'चे 'अर्ज करणे' झाले, त्या वेळी 'कर्दन'च्या गादीवर कोणी उपरा नव्हे, त्याचा भाऊबंदच बसला. शिवाय 'स्वीकार', 'अंगीकार' यांना 'करणे' जोडण्याची रीत मराठीच्या अंगवळणी पडलेली होतीच, म्हणून रुजू, जप्त, दाखल, मंजूर हे सारे शब्द विनासायास तिच्यात मुरले.

या संयोगाचे व्याकरण मात्र वरवर दिसते तितके सरळ नाही, आणि मला त्याचे खरे अगत्य येथेच वाटते. 'पाटलांनी अर्ज केला', 'तहसीलदारांनी सही केली' यांत 'अर्ज' व 'सही' हीच कर्मे असून क्रियापद त्यांच्या लिंगाप्रमाणे चालते; परंतु 'शेतसाऱ्याची रक्कम जमा केली' येथे 'केली' हे रूप 'रक्कम' ठरविते, 'जमा' हा शब्द लिंगवचनाच्या व्यवहारातून निवृत्त होऊन धातूलाच चिकटतो. 'करणे'च्या जागी 'होणे' घातले की कर्ताच अदृश्य होतो: 'अर्ज केला, पण मंजूर झाला नाही' असे गेवराईचा शेतकरी सांगतो तेव्हा अर्ज करणारा कोण ते ठाऊक असते, नामंजूर करणारा कोण ते वाक्यात कोठेच नसते.

इंग्रजीचा 'डू' प्रश्न व नकार यांत मुख्य क्रियापदाचा मदतनीस म्हणून राबतो; त्याच इंग्रजीची नामे व धातू मराठीत आले तेव्हा त्यांनाही 'करणे'चाच आश्रय घ्यावा लागला. 'फोन केला' येथे 'फोन' कर्म झाला, 'अर्ज'सारखा. 'पावती डाउनलोड केली' येथे 'डाउनलोड' 'जमा'च्या पंक्तीत बसला.